बस्त्याची बैठक

काचेचा दरवाजा आपोआप उघडला, थंडगार हवा अंगावर आली आणि टेम्पोभर कलकलाट करत आलेली मंडळी एकदम गप्प झाली. तलासरीला हायवेलगत नवीन निघालेलं हे दुकान कसलं, अख्खा बाजारच एका छपराखाली आणून ठेवलेला. आज दक्षाच्या लग्नाचा बस्ता होता. नवऱ्याकडची माणसं आली होती, नवरीकडची आली होती, आणि नक्की कोणाकडची ते सांगता येणार नाही अशीही दोन-चार टेम्पोत चढली होती. बस्त्याला आणि जेवणाला कोणाला नको म्हणायचं नसतं.

आत शिरताच दक्षाची नजर गेली ती मोरपंखी साडीवर. बारीक लाल काठ, रांगेत मधोमध टांगलेली. हीच नेसून मांडवात उभं राहायचं, असं तिनं तिथल्या तिथं ठरवूनही टाकलं. पण सांगणार कोणाला? साडी नवऱ्याकडच्यांनी निवडायची आणि नवरीनं मान खाली घालून बसायचं, ही पाड्याची रीत. निवडणार होती हिराबाई, नवऱ्याची आत्या, आणि हिराबाईचा रंग ठरलेला: मळखाऊ. चिमणकाकांच्या घरची थोरली सून निलम, तिच्या बस्त्याला हिनं असा रंग घेतला होता की मांडवात नवरी शोधावी लागली होती.

साड्यांपाशी पोचताच हिराबाईनं चपला काढल्या आणि चकचकीत फरशीवर मांडी घातली. मागोमाग सगळेच बसले. दक्षाचे होणारे सासरे, हिराबाईचे भाऊ चिमणकाका, त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. आता शेठ येणार, गठ्ठा सोडणार, साड्या भराभर उलगडून पुढ्यात टाकणार, मग चहा येणार. आजवर बस्ता असाच झालेला. मंडळी वाट बघत राहिली. वर कुठेतरी स्पीकरवर साबणावर साबण फुकट असल्याचं सांगत होते. ट्रॉली ढकलणारी गिऱ्हाइकं वळसा घालून जात होती.

शेठ काही आला नाही. निळा टीशर्ट घातलेली दुकानातली पोरगी मात्र धावत आली.

"काकी, इथे बसायचं नसतं. हवी ती साडी आपणच काढून घ्यायची."

"दाखवायला मानूस नाय?" हिराबाईनं विचारलं.

"नाही काकी."

"मंग दुकान कशापायी मांडलंय?"

चिमणकाकांनी टोपी चढवली. "उठा गं सगळ्या. आपलं जुनं दुकान काय बंद नाय पडलं. तिथं निदान कोनी बसा तरी म्हनतं."

मंडळी उठून चपला शोधायला लागली. एसीच्या वाऱ्यानं मोरपंखी साडीचा पदर जागच्या जागी हलत होता. आता तोंडाला कुलूप लावलं तर मळखाऊ नेसून उभं राहावं लागणार, हे दक्षाला लख्ख दिसलं आणि ती पुढे झाली. तिच्या आईनं, निर्मलानं, मागून ओढणी धरली, ती आईच्याच हातात राहिली.

दक्षानं दांडीवरच्या साड्या कवेत मावतील तेवढ्या काढल्या आणि हिराबाईच्या समोर येऊन बसली. घोलवडच्या वाडीत चिकूची खोकी भरताना तिनं एक पाहिलं होतं. वरचं फळ कितीही चांगलं असो, गिऱ्हाईक हात खालीच घालतं. तिनं मोरपंखी हळूच तळाला सरकवली.

"या मावशी, बसा आरामात," जुन्या दुकानातल्या शेठचा आवाज काढून ती म्हणाली. "बोला, काय दाखवू? नवरीला पायजेल का वरमायला?"

चिमणकाका खो खो हसत पुन्हा खाली बसले. "शेठ, पयला चहा सांग," ते म्हणाले, आणि हसण्यानं सगळी बैठक हलली.

मग काय विचारता! दक्षा झटका देऊन साडी उलगडायची आणि हिराबाईच्या मांडीवर टाकायची. "हा माल घ्या मावशी, दगडावर आपटा, रंग जायचा नाय." पिस्ता झाली, जांभळी झाली. हिराबाई प्रत्येकीचा पोत दोन बोटांत चुरून बघत होती. उंबरगावकडची एक बाई ट्रॉली कडेला लावून चक्क रांगेत येऊन बसली. "बेन, ते गुलाबी इकडे दे ने," ती म्हणाली. निळ्या टीशर्टवालीनं आधी साहेब दिसतो का ते पाहिलं, मग तीही साड्या आणून द्यायला लागली.

हिराबाईच्या हातात एक मातकट साडी आली आणि तिथेच थांबली.

"ह्यावर मळ दिसायचा नाय," ती म्हणाली.

दक्षाची नजर गठ्ठ्याच्या तळाशी गेली. पण शेठनं आपल्या मालाला नाव कसं ठेवायचं?

"नाय दिसायचा, मावशी," ती म्हणाली. आवाज आता शेठचा राहिला नव्हता.

हिराबाईनं मान वर करून तिच्याकडे नीट पाहिलं. मातकट साडी बाजूला ठेवली, गठ्ठ्याच्या तळाशी हात घातला, मोरपंखी ओढून काढली आणि दक्षाच्या खांद्यावर टाकली. "भाऊ, ही बांधायला सांग," ती चिमणकाकांना म्हणाली.

दक्षाची दुकानदारी तिथेच संपली. आनंदानं तिचे डोळे भरले होते, आणि मान आपोआप खाली गेली होती.

"आत्या, तुमाला कसं कळलं?"

हिराबाई पायात चपला घालत होती.

"माझ्या बस्त्याला शेठ बाप्या मानूस होता, पोरी. नवरीची नजर कुठं लागलीय, ते त्याला काय ठाव."