एक पानसुद्धा नको

"आम्हाला एवढंच कळायला पाहिजे, की एवढी तेज नजर कुणाची," ड्वेनचा थोरला भाऊ मागच्या भिंतीला टेकून म्हणाला, आणि शाळेच्या हॉलमधल्या शंभर माणसांच्या माना मागे वळल्या.

मार्लिसने मान खाली घातली. ती नजर तिची होती.

जानेवारीतल्या एका बुधवारी चर्चमध्ये गाण्याच्या तालमीला जाताना तिने ड्वेनचा हिरवा ट्रक विधवा कार्लाच्या दारात उभा पाहिला होता. दुसऱ्या दिवशी कार्ला स्वयंपाकघरात मेलेली सापडली, डोक्यात घाव घातलेला. मार्लिसने शेरीफला जाऊन सांगितलं, ड्वेनला अटक झाली आणि न्यायाधीशांनी सगळे कागद सीलबंद केले. "घरातसुद्धा बोलू नका," असं शेरीफने बजावलं होतं. ती नवऱ्याजवळही बोलली नव्हती. चाळीस वर्षांच्या संसारात लपवलेली ही पहिली गोष्ट.

आता एप्रिल होता. ते कागद उघडा म्हणून गावातलं साप्ताहिक कोर्टात गेलं होतं. शुक्रवारी निकाल होता, पण त्याआधी गावाला भांडून घ्यायचं होतं.

ड्वेनची आई ओपल उठली. "माझा पोरगा म्हणतो, मी लाकडं उतरवली आणि निघालो. बाई धडधाकट होती, तिने दारातून हात हलवला. आता एका माणसाच्या शब्दावर तो आत बसलाय. तो माणूस कोण, हे त्याच्या आईने विचारायचंसुद्धा नाही?"

कुणी टाळ्या वाजवल्या, कुणी घसा खाकरला. मार्लिसला ओपलकडे बघवेना. दोघींनी चर्चच्या तळघरात वीस वर्षं शेजारी उभं राहून भांडी घासली होती.

"साक्षीदाराचं नाव शाईने काळं करू," संपादक समजुतीने म्हणाला. "बाकीचे कागद तरी लोकांना वाचू देत."

"नको."

हा आवाज व्हर्नचा होता. मार्लिस दचकली. तिचा नवरा चार लोकांत तोंड उघडणारा नव्हे. लग्नात 'हो' म्हणायलाही पाद्र्याला त्याला दोनदा विचारावं लागलं होतं.

"तो साक्षीदार कुणाची तरी बायको असेल, कुणाची तरी आई असेल," व्हर्न म्हणाला. त्याच्या हातातली टोपी पिळवटून निघाली होती. "नाव काळं करून काय होतंय? एवढंसं गाव आपलं. एवढ्यातेवढ्यावरून माणूस ओळखतात. एक पानसुद्धा नको."

याला कळलंय, असं मार्लिसला वाटलं. तिचे डोळे भरून आले.

परतताना त्यांच्या मागे एक ट्रक लागला. फाटकापर्यंत त्याचे दिवे आरशात होते, मग तो सावकाश पुढे गेला. व्हर्नने दार लावलं, कडी घातली आणि पुन्हा एकदा ओढून पाहिली.

"तू कशाला मध्ये पडलास?" तिने विचारलं.

"कुणीतरी बोलायला हवं होतं."

"आणि कागद उघडलेच तर?"

त्याने दिवा मालवला. "झोप आता," एवढंच म्हणाला. त्या आठवड्यात तो धड जेवलाही नाही. आपल्यापायी या भल्या माणसाच्या जिवाला घोर लागला, म्हणून मार्लिस स्वतःलाच शिव्या देत राहिली.

शुक्रवारी निकाल लागला. कागद उघडायचे, साक्षीदाराचं नाव तेवढं काळं करायचं. रविवारी सगळं छापून येणार होतं.

त्या काळ्या शाईतून नाव दिसलं तर? शनिवारभर तिला दुसरं काही सुचेना. हात कामात राहावेत म्हणून ती रविवारच्या पंगतीच्या तयारीला लागली. चर्चमध्ये सगळ्यांची भांडी सारखीच, म्हणून प्रत्येकीची आपली खूण असायची. नव्या काचेच्या भांड्याच्या तळाला तिने नेलपॉलिशचे आपले नेहमीचे दोन लाल ठिपके दिले.

जुनं भांडं व्हर्नने घालवलं होतं. ती बुधवारी तालमीला गेली की तो गोठलेल्या तळ्यावरच्या आपल्या खोपटात मासे धरायला जाई, आणि ती त्याला जेवण भरून देई. एकदा तो हात हलवत परत आला. भांडं म्हणे बर्फाच्या भोकातून खाली गेलं. "मासे धरायला गेला होतास की जेवू घालायला?" असं ती दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला फैलावर घेत होती, तेवढ्यात कार्लाची बातमी सांगायला चर्चमधल्या ॲर्डिसचा फोन आला. त्यानंतर भांड्याचं कोण काय बोलणार?

रविवारी तळघरात कुणाचं जेवणात लक्ष नव्हतं. ॲर्डिस चष्मा चढवून साप्ताहिक मोठ्याने वाचत होती. भोवती बायका गोळा झाल्या होत्या. जानेवारीपासून न फिरकलेली ओपलही येऊन बसली होती. व्हर्न कॉफीचा कप घेऊन जिन्याजवळ उभा होता.

"'साक्षीदार'... इथे नुसता काळा पट्टा आहे बाई. 'याने संध्याकाळी सात वाजता हिरवा ट्रक पाहिला.' बस्स. ना बाई, ना पुरुष."

मार्लिसने किती दिवसांनी पोटभर श्वास घेतला. सुटले, असं तिला वाटलं. तिने व्हर्नकडे पाहून हळूच मान हलवली. तो तिच्याकडे बघत नव्हता. तो ॲर्डिसच्या हातातल्या कागदाकडे बघत होता.

"आता नुसती यादी आहे," ॲर्डिस म्हणाली. "स्वयंपाकघरात काय काय सापडलं त्याची."

"वाच," ओपल म्हणाली. "सगळं वाच."

"'पंधरा. खुर्ची, उलटलेली. सोळा. दोन ताटल्या, दोन काटे. सतरा. काचेचं भांडं, आत अर्धा उरलेला खिमा-बटाटा. भांड्याच्या तळाला नेलपॉलिशचे दोन लाल ठिपके.'"