ओढ्यावरचा कॅमेरा

रक्षाने पुन्हा आज्ञा दिली आणि लॅपटॉपने पुन्हा तेच सांगितलं: इमेज सापडत नाही.

सापडणार कुठून? सर्व्हरवर प्रोग्राम चालवणाऱ्या कंटेनर सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली होती आणि तिला एक भारी खोड होती. जुन्या इमेजची सफाई करताना ती कामाची इमेजही पुसून टाकायची. इमेज म्हणजे फोटो नव्हे, प्रोग्रामचं बांधून ठेवलेलं गाठोडं; या गाठोड्यात गुंद गावच्या वाघ-सूचनेचा अख्खा प्रोग्राम होता. रानातल्या एखाद्या कॅमेऱ्यासमोर वाघ आला की त्याच्या रेडिओवरून सर्व्हरला खबर जायची आणि गावातले फोन वाजायचे. फोन गप्प, म्हणजे वाट मोकळी. रक्षाने बनवलेल्या या सोयीवर गावाचा इतका विश्वास बसला होता की हल्ली कोणी काठीसुद्धा नेत नसे.

आज सकाळपासून फोन गप्पच होते.

घरात फोन लागायचा, पण इंटरनेट मिळायचं ते फक्त गावाच्या वरच्या उघड्या कातळावर, खडपावर. रक्षा तिथेच बसली होती. तेवढ्यात आईचा फोन आला.

“आबा ओढ्याकडं गेल्यात गं, म्हशी आणायला. फोन वाजला न्हाई, म्हणून म्याबी अडवलं न्हाई.”

रक्षा ताडकन उठली. “त्यास्नी माघारी बोलव आधी!”

“लागत न्हाई. ओढ्यात रेंज कुठली?”

सॉफ्टवेअरची जुनी आवृत्ती परत बसवायला वेळ लागला असता. रक्षाने आडवाट धरली. राखून ठेवलेल्या प्रतीतून तिने इमेज पुन्हा चढवली आणि तिला लगेच दुसरं एक नाव चिकटवलं. दोन नावांच्या इमेजला ही सफाई हात लावत नाही, हे तिला मघाशीच कळलं होतं. देवाचं नाव घेत तिने बटण दाबलं.

प्रोग्राम सुरू झाला आणि लगेच फोन वाजला.

‘वाघ. कॅमेरा: ओढा. आत्ता.’

तिने घाईने घरी फोन लावला. उचलला तो आबांनीच.

“आबा! तुमी घरात हायसा?” ती रडायलाच लागली.

“व्हय, म्हशी वाटंतच गावल्या. काय झालं गं?”

“वाचलासा, आबा. ओढ्यावर वाघ हाय. कॅमेऱ्यानं आत्ताच दावला.”

“ओढ्यावर कॅमेरा न्हाई, रक्षा. त्यो म्या कालच सोडला,” ते म्हणाले. “तू रोज येकटी बसतीस, म्हणून तुज्या खडपामागच्या झाडाला आणून बांधलाय.”