दारावरचा कॅमेरा

बजेट एकाच कॅमेऱ्याचं होतं. म्हणून लेकीने खरा कॅमेरा फाटकावर बसवला आणि घराच्या दारावर हुबेहूब तसाच दिसणारा खोटा. एकट्या राहणाऱ्या आईच्या जिवाला घोर नको, म्हणून "दोन्ही चालू आहेत," एवढंच तिला सांगितलं.

रोज सकाळी मोबाइलवर लेकीला आईची पाठ दिसायची. फाटकाकडे पाठ करून आई दारावरच्या खोट्या कॅमेऱ्याशी काहीतरी बोलत असायची. शब्द इतक्या लांबून ऐकू येत नसत. लेकीला वाटायचं, बिचारी माझ्याशी बोलते, आणि माझ्यापर्यंत काही पोचतच नाही.

रविवारी ती आईकडे गेली. दुपारी आईचा डोळा लागल्यावर तिने गुपचूप शिडी लावली आणि कॅमेऱ्यांची अदलाबदल केली. चोराला काय, खोटाही पुरे.

सोमवारी ऑफिसात तिने इअरफोन कानाला लावले. आई दारात आली, मान वर करून हळूच म्हणाली,

"पुसताना तुझं झाकण निघालं ना, तेव्हाच कळलं मला, तू खोटा आहेस ते. म्हणून तर तुला सांगते. काल पोरगी गेली आणि घर खायला उठलं बघ. तिला मी फोनवर ठणठणीत आहे म्हणते. तू काही चुगली करायचा नाहीस."