पाटावरची डिस्क

"काल डिस्क परत जोडली होती ना, काका?" शलाकाने विचारलं. उत्तर 'नाही' असावं म्हणून तिने श्वास रोखला होता.

रक्तपेढीच्या सर्व्हरवरची सहाही व्हर्च्युअल मशीन, म्हणजे त्यात चालणारे आभासी कॉम्प्युटर, व्हायरसने रात्रीतून बंद पाडली होती. सर्व्हरला जोडलेलं काहीच त्याने सोडलं नव्हतं. समोरच्या हॉस्पिटलात एका बाळंतिणीचा रक्तस्राव थांबत नव्हता. तिचा गट दुर्मीळ, बॉम्बे. त्या गटाच्या अकरा दात्यांचे नंबर त्याच मशीनमध्ये अडकले होते.

रोज दुपारी एकला बॅकअप आपोआप सर्व्हरला जोडलेल्या त्या डिस्कवर जायचा. काल खंडेनवमीला शिपाई गुणवंतकाकांनी सकाळीच ती काढून पूजेच्या पाटावर मांडली, तेव्हा शलाका सगळ्यांदेखत त्यांच्यावर ओरडली होती. आत्ताच्या आत्ता जोडा, असं बजावून निघून गेली होती.

"लगेच जोडली, मॅडम," काका म्हणाले.

शलाका मटकन खुर्चीत बसली.

तिचा चेहरा बघून काकांनी मान खाली घातली. "खोटं बोललो. उत्तरपूजेआधी हलवायला हात धजेना. तशीच आहे पाटावर."

ती धावत सुटली. झेंडूच्या पाकळ्या झटकून तिने डिस्क दुसऱ्या, कोऱ्या कॉम्प्युटरला जोडली. यादी उघडली. तिसऱ्या दात्याने फोन उचलला आणि "निघालोच" म्हणाला.

काका अजून दारातच उभे होते. "पुन्हा असं नाही होणार, मॅडम."

"रोज करायचं, काका," ती म्हणाली. "बॅकअप झाला की काढून ठेवायची. मी ओरडले तरी."