राहून गेलेली चूक

शहराच्या पाणीपुरवठ्याच्या कॉम्प्युटरमध्ये शत्रूने लपवून ठेवलेला प्रोग्राम अखेर तिच्या हाती लागला. हुकूम मिळताच शहरातले सगळे पंप जाळून टाकायचे, एवढंच त्याचं काम.

"पण हा कधीच चालला नसता, साहेब. हुकूम ऐकायच्या जागीच चूक आहे."

साहेब पोट धरून हसले. "शाळकरी पोरंसुद्धा करणार नाहीत अशी चूक! कसली माणसं ठेवलीत यांनी कामाला?"

ती हसली नाही. शत्रूचे पंप जाळणारा आपला प्रोग्राम तिनेच लिहिला होता आणि त्यात नेमकी हीच चूक तिने मुद्दाम ठेवली होती.

"आपल्याकडे असला गाढवपणा नको," साहेब उठता उठता म्हणाले. "उद्यापासून आपला प्रत्येक प्रोग्राम दुसऱ्याकडून तपासून घ्यायचा. आणि ही बातमी पेपरात जाऊ दे. होऊ दे की त्यांचं जरा हसं!"

संध्याकाळी घरी येताच तिने पर्स तशीच खांद्यावर ठेवून घरातल्या सगळ्या बादल्या गोळा केल्या.

"अगं, नळाला चोवीस तास पाणी असतं की आपल्या," सासूबाई म्हणाल्या.

"हो ना," नळ सोडत ती म्हणाली. "आहे तोवर भरून घेऊया."