आधी रागावून घ्या

"आधी रागावून घ्या, मी थांबते," असं म्हणून काकूंनी रिसीव्हर कानापासून वीतभर लांब धरला आणि दुसऱ्या हाताने ड्रॉवर रिकामा करायला घेतला.

मिक्सरच्या कंपनीतला हा तक्रारींचा फोन. एकतीस वर्षं तो काकू घेत होत्या आणि आज पाच वाजता निवृत्त होणार होत्या. रिसीव्हरमधून कुणी गृहस्थ कंपनीच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होते. काकूंनी दोन सेफ्टी पिना, गोळ्यांची रिकामी डबी आणि चष्म्याची तुटकी काडी पिशवीत टाकली. पलीकडचा माणूस दमला, तसा त्यांनी रिसीव्हर पुन्हा कानाला लावला.

"झालं? आता पाणी प्या. प्यालात? मिक्सर उलटा करा, खाली लाल बटण आहे, ते दाबा. झाला ना सुरू? अहो, आभार कसले! चुकलं आमचंच, बटण दिसेल अशा जागी द्यायला हवं होतं."

शेजारच्या टेबलावर टाइप करणारी मुलगी थांबून ऐकत होती. कंपनीचं सोशल मीडियावरचं पान ती सांभाळायची. दिवसभर तिच्याकडून बोटांचाच तेवढा आवाज यायचा, म्हणून काकू तिला टकटक म्हणत.

तीन वर्षांपूर्वी एका चिडलेल्या गिऱ्हाइकाला ती 'आपल्या गैरसोयीबद्दल क्षमस्व' असं लिहायला बसली होती. एक कान काकूंच्या फोनकडे होता. बोटांतून उतरलं ते 'आधी रागावून घ्या, मी थांबते,' आणि ते गेलंसुद्धा! ती पुसायला धावली, तोवर चारशे लोक खूश झाले होते. खुद्द गिऱ्हाईकही. त्या दिवसापासून तिने एक कान शेजारच्या टेबलावर ठेवूनच लिहिलं. या पानावर घरातलं माणूस बोलतं, असं लोक म्हणू लागले. दुसऱ्या कंपन्यांनी नक्कल करून पाहिली, पण जमेना. बिचाऱ्यांकडे काकू नव्हत्या.

काकूंना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्यांच्या मोबाइलवरून फक्त फोन लागायचा.

आज सकाळी मालकांनी सगळ्यांसमोर टकटकची पाठ थोपटली. "हा आवाज तू आणतेस तरी कुठून?" त्यांनी विचारलं. "सुचतं," ती म्हणाली. काकू सर्वांत पुढे उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या. तेव्हापासून टकटकचा चहा टेबलावर तसाच होता. न सांगता काकूंना घरी जाऊ द्यायचं? आणि सांगितलं, तर त्या म्हणतील, तीन वर्षं माझ्याकडे कान लावून बसली होतीस?

साडेचारला ती उठली, मालकांच्या खोलीत गेली आणि पाच मिनिटांनी लालबुंद कानांनी बाहेर आली. तशीच टॅब घेऊन काकूंसमोर उभी राहिली.

"काकू, जरा वाचता?"

एका काडीचा चष्मा हाताने धरून काकू वाचू लागल्या. एकीने लिहिलं होतं, मिक्सर लावला की बाळ उठतं. खाली उत्तर होतं, 'मिक्सरखाली जुना टॉवेल घाला आणि बाळाला आमच्याकडून एक पापी द्या.' दुसऱ्याचं झाकण उडून छत रंगलं होतं. त्याला उत्तर होतं, 'छत पुसायच्या आधी एक फोटो काढा, पोरं मोठी झाली की दाखवाल. नवं झाकण उद्या निघतंय.' काकू खुदकन हसल्या. पुढचं वाचून पुन्हा हसल्या.

"कोण गं ही बाई? जरा जास्तच बोलते," त्या म्हणाल्या. "पण मनाची बरी दिसते."

"तुम्हीच आहात काकू."

मग टकटकने सगळं सांगून टाकलं. चुकून गेलेलं ते पहिलं वाक्य, रोज लावलेला कान, सकाळचं खोटं आणि आत्ता मालकांना सांगितलेलं खरं. "मला इथे जे काही आलं ते तुमच्यामुळे आलं. मी फक्त टाइप केलं," असं म्हणताना तिचे डोळे भरून आले.

काकूंनी चष्मा खाली ठेवला.

"मला वाटायचं, फोन ठेवला की संपलं," त्या म्हणाल्या. "म्हणजे इतकी वर्षं मी एकटीच बडबडत नव्हते म्हण की." आणि त्यांनी टकटकचा हात घट्ट धरला. "बरं केलंस हो पोरी."

पाचला पाच मिनिटं कमी असताना फोन वाजला. काकू पिशवी खांद्याला लावत होत्या. त्यांनी रिसीव्हर उचलला आणि टकटकपुढे धरला.

"मी? मला फोनवर बोलता येत नाही काकू. मी फक्त लिहिते."

"तीन वर्षं ऐकलंयस ना? घे."

पलीकडच्या बाई भलत्याच तापल्या होत्या. "आधी रागावून घ्या, मी थांबते," टकटक कशीबशी म्हणाली आणि तिने रिसीव्हर वीतभर लांब धरला. काकू पुन्हा खुर्चीत टेकल्या. बाईंचा आवाज हळूहळू उतरला.

"झालं? आता पाणी प्या."

पलीकडे घोट घेतल्याचा आवाज आला. "तुम्ही नवीन वाटतं? नेहमीच्या बाई गेल्या की काय?"

टकटकने काकूंकडे पाहिलं.

"नाही हो, इथेच आहेत," ती म्हणाली. "मिक्सर उलटा करा बघू."