धाकट्या बाईंची शिफारस

"सही करू नका, बाई," गणिताचे सर म्हणाले आणि त्यांनी स्टाफरूमचं दार पायानेच लोटलं.

पहिलीच्या बाईंनी पेनाला टोपण लावलं. समोर धाकट्या बाईंचा कागद होता. त्यांची दोन वर्षांची तात्पुरती नोकरी संपत आली होती. शुक्रवारपर्यंत ज्येष्ठ शिक्षकाची शिफारस गेली तर त्या कायम, नाही तर सोमवारपासून घरी. आणि शाळेत सर्वांत ज्येष्ठ पहिलीच्या बाईच होत्या.

"का बरं?"

"इथं शिंकलं की मुख्याध्यापिकांच्या खोलीतून रुमाल येतो, म्हणून! गेल्या आठवड्यात मंगळवारी मी इथं बसून म्हणालो, मोठ्या बाईंना वेळापत्रक जमत नाही. बुधवारी माझ्या माथी सातवीचा शेवटचा तास. रोजचा!"

"आणि शनिवारच्या जादा तासांचं?" खेळाचे सर म्हणाले. "आपण पाच जणांनी नाही म्हणायचं ठरवलं. मोठ्या बाईंनी घंटा व्हायच्या आत मला एकट्याला बोलावलं. झालं! मी कसला नाही म्हणतोय?"

भाषेच्या बाईंनी वहीतून मान वर न काढता शेरा मारला, "ती आल्यापासून सुरू झालंय हे. गोगलगाय अन् पोटात पाय."

पहिलीच्या बाईंना हे पटेना. मधल्या सुट्टीत धाकट्या बाई जमिनीवर बसून मुलांच्या बुटांच्या नाड्या बांधत. एक मुलगा सहा महिने कुणाशी चकार शब्द बोलला नव्हता, तो त्यांच्या कानाशी लागून खुदखुदायचा. मुलांना माणूस बरोबर कळतो, असं बाई एकतीस वर्षं सांगत आल्या होत्या.

"दोन दिवस आहेत," त्या म्हणाल्या. "शहानिशा करते. कुणाच्या भाकरीवर अशी फुली मारता येत नाही."

वर्गातल्या गोष्टी बाहेर कोण नेतं हे शोधायची बाईंची एक जुनी रीत होती. प्रत्येकाच्या कानात वेगळी गोष्ट सांगायची आणि कुठली परत येते ते बघायचं. सहा वर्षांच्या मुलांना जे लागू, ते मोठ्यांना का नाही?

फळा पुसणाऱ्या गणिताच्या सरांना त्यांनी गाठलं. "कुणाला बोलू नका हं. मी समोरच्या शाळेत चाललेय."

सरांच्या हातातलं डस्टर खाली पडलं. "बाई! मग आम्ही कुणाकडं बघायचं?"

खेळाच्या सरांना त्यांनी सांगितलं, यंदा पहिलीची तोंडी परीक्षा घेणारच नाही, अंदाजाने गुण ठोकून देणार. सर म्हणाले, "मी तर कायम तेच करतो." भाषेच्या बाईंना सांगितलं, मुलांचे नळ कोरडे पडलेत, तेव्हा मोठ्या बाईंना न विचारता थेट संस्थेच्या अध्यक्षांना पत्र लिहिणार. भाषेच्या बाईंचे डोळे चमकले. "लिहाच. शुद्धलेखन मी बघते."

तिघांनीही गळ्याशपथ गप्प राहायचं कबूल केलं. आणि यातली एक जरी गोष्ट कानावर गेली तरी मोठ्या बाई गप्प बसणाऱ्यांतल्या नव्हत्या.

तक्ते ठेवायच्या खोलीत धाकट्या बाई एकट्याच उभ्या होत्या. नाक लाल झालं होतं.

"मी आले की सगळे बोलायचे थांबतात, बाई. घरी आई रोज विचारते, झालीस का कायम? काय सांगू तिला?"

पहिलीच्या बाईंना राहवलं नाही. त्यांनी दार लावून घेतलं.

"अगं, रडतेस काय वेड्यासारखी! तिघांना तीन थापा मारल्यात मी." कुणाला कुठली, हेही त्यांनी बोटांवर मोजून सांगितलं. "मोठ्या बाईंच्या तोंडून जी परत येईल, ती ज्याला सांगितली तो चहाडखोर. हे तुझ्याशिवाय कुणालाही माहीत नाही. पूस बघू डोळे."

धाकट्या बाई रडता रडता हसल्या. "तुम्ही पण ना, बाई!"

गुरुवार कोरडा गेला. शुक्रवारी शेवटच्या तासाला शिपाई निरोप घेऊन आला. मोठ्या बाईंनी कागदासकट बोलावलं होतं.

ऑफिसात पंखा कुरकुरत होता. मोठ्या बाईंनी स्वतः उठून खुर्ची पुढे केली. असं त्या सहसा करत नसत.

"बसा. एक विचारू? आम्हाला सोडून समोरच्या शाळेत तर नाही ना चाललात?"

पहिलीच्या बाईंनी लगेच ताडलं. गणिताचे सर! दार पायाने लोटून 'सही करू नका' म्हणणारा हाच माणूस. चोराच्या उलट्या बोंबा त्या याआधीही ऐकत आल्या होत्या. पण त्या रबर चोरणाऱ्या पोरांच्या.

"छे हो! कुणी सांगितलं?"

"आलं आपलं कानावर."

बाईंनी कागद टेबलावर पसरला. टोपण काढलं आणि 'शिफारस आहे' असं ठळक अक्षरात लिहून खाली सही केली. वर्गातल्या पाटीवर मुलांना गिरवायला देत, तशी सुटी, सुवाच्य सही. मन हलकं झालं. एका पोरीवरचा आळ तर गेला. गणिताच्या सरांशी काय बोलायचं ते सोमवारी बघू.

मोठ्या बाईंनी कागद ओढून घेतला. शिक्का शाईत दाबला, सहीशेजारी उठवला, फुंकर मारली. मग कागद खणात ठेवून खणाला कुलूप लावलं.

"गणिताच्या सरांशी भांडू नका हं, बाई," त्या हसून म्हणाल्या. "ते बिचारे काही बोलले नाहीत. तुमच्या तीन थापांपैकी मला आपली तीच जास्त आवडली."